डोक्यात सळई, पडद्यावर सीटी: 'वाचंल का ओ?'

निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव 75च्या आसपास. महामार्गावर ट्रॉलीबाहेर आलेली सळई मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यात घुसली, तर घरच्यांपुढं पहिला प्रश्न कुठं न्यायचं हा. सीटी स्कॅन झाला की दुसरा: "डॉक्टर, वाचंल का ओ?"

त्यासाठी डॉक्टर आधी पेशंट बघतात, स्कॅन नंतर. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, याला 1974 साली ग्लासगोत ठरलेल्या पद्धतीनं गुण देतात: कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. मग बाहुल्यांवर टॉर्च. दोन्ही बाहुल्या उजेडाला आकसत नसतील, तर लक्षण वाईट.

सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं, हवा काळी, धातू डोळे दिपवणारा. खरं वाचायचं असतं ते जखमेच्या वाटेत. वस्तू एकाच बाजूला थांबली की मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली? मेंदूच्या आतल्या, पाण्यानं भरलेल्या पोकळ्या छेदल्या का? तळाशी मेंदूखोडाभोवती असणारी पाण्याची जागा सुजेनं बुजली का? श्वासाचा ताबा मेंदूखोडाकडे असतो आणि कवटीला ताणायला जागा नसते, म्हणून ही शेवटची खूण फार धोक्याची.

पुढच्या भागातली जखम मात्र माणूस कधीकधी सोसतो. 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनीस गेजच्या डोक्यातून मीटरभर लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. तो 1860 पर्यंत जगला. बंदुकीची गोळी वेगळी. ती वेगामुळं आजूबाजूचा मेंदूही क्षणभर फाकवते, त्यामुळं नुकसान तिच्या वाटेपुरतं राहत नाही.

2016 साली अमेरिकेत मेंदूत काहीतरी घुसून झालेल्या जखमांसाठी 'स्पिन' नावाची गुणपद्धत निघाली. बाहुल्या, हालचाल, रक्त गोठण्याची क्षमता हे त्यात आहेच. पण दुसऱ्या दवाखान्यातून पाठवलेले पेशंट जास्त जगले, असंही त्यामागच्या अभ्यासात दिसलं. मला वाटतं, हे प्रवासाचं पुण्य नव्हे. ज्यांची आशा संपली होती, त्यांना पुढं पाठवलंच गेलं नसणार. स्कॅनच्या खुणांचंही असंच होऊ शकतं: अमुक खूण दिसली की वाचत नाही, म्हणून उपचार आखडते घेतले, पेशंट गेला, आणि आकडेवारीत ती खूण आणखी काळी झाली. शिवाय तो अभ्यास मुख्यतः गोळीच्या जखमांचा; उसाच्या फडातल्या कोयत्याला तो जसाच्या तसा लावणं मला धाडसाचं वाटतं.

घुसलेली सळई रस्त्यावर उपसू नये. तुटलेली रक्तवाहिनी तिनंच दाबून धरलेली असू शकते. लांब असेल तर हलू न देता बाहेरचा भाग कापतात, आणि ऑपरेशन थिएटरमध्येच काढतात. आत लोखंड असताना एमआरआय करत नाहीत, चुंबक ते ओढेल. सळई निघाल्यावरही रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन लागतो. दुखावलेल्या वाहिनीला आलेला फुगा काही दिवसांनी, पेशंट बोलता-चालता झाल्यावरही, फुटू शकतो.