पटायात फ्लॅट घेतला म्हणून मुक्काम मिळत नाही

तलावपाळीच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळींचा एक समज घट्ट बसलाय: थायलंडमध्ये पटायाला फ्लॅट घेतला की बारा महिने समुद्रकाठी राहता येतं. तसं नाही. इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत फ्लॅट परदेशी लोकांच्या नावावर होतात, पण राहण्याचा परवाना ही वेगळीच भानगड. निवृत्तांसाठी वय किमान ५०, शिवाय तिथल्या बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न. दरवर्षी मुदतवाढ, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्त्याची नोंद. नोकरी करायची नाही. (घोडबंदरचा फ्लॅट विकायच्या आधी हे वाचा, काका!) आणि पाऊस तिथेही आहेच, सप्टेंबर-ऑक्टोबरात तो जास्त जोर धरतो.