कानाला क्लिप की जिभेवर करंट? टिनिटसच्या दोन यंत्रांचा घोळ

आजोबांच्या कानातली रातकिड्यांची किरकिर, म्हणजे टिनिटस, थांबेना, की कानाला लावायची व्हेगस क्लिप आणि जिभेवर ठेवायचं लेनायर ही दोन्ही नावं एका दमात घेतली जातात. दोन्हीत हलका करंट, म्हणून दोन्ही ‘करंटचं मशीन’!

क्लिप समजायला सोपी. फिजिओथेरपीत दुखऱ्या जागी त्वचेवरून हलका करंट देणाऱ्या टेन्स मशीनची धाकटी बहीणच. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची फांदी कानाच्या भोकाच्या वरच्या खळग्यात येते, पाळीत येत नाही. संशोधनात खोटा उपचार द्यायचा असला की क्लिप मुद्दाम पाळीला लावतात. घरोघरी मात्र ती डुलासारखी नेमकी पाळीलाच अडकवलेली दिसते. इलेक्ट्रोड कोरडं असलं तर टोचतं.

खरी मेख आवाजात आहे. लेनायरमध्ये जिभेच्या टोकावर 32 इलेक्ट्रोड असतात आणि सोबत हेडफोन. जिभेचा स्पर्श ट्रायजेमिनल नर्व्ह या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेवाटे मेंदूच्या देठात जातो, तिथे त्याची ऐकण्याच्या मार्गाशी गाठ पडते. आवाज आणि करंट ठरावीक वेळ साधून द्यायचे, हाच उपचार. व्हेगसचंही तेच: 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगात सुरांबरोबर व्हेगसला करंट दिला तेव्हा फरक पडला, नुसत्या करंटने पडला नाही, नुसत्या सुरांनीही नाही. म्हणजे कान की जीभ हा वाद दुय्यम. आवाजाविना नुसती क्लिप लावून बसणं म्हणजे टाळी एका हाताने वाजवणं.

म्हणूनच ऑडिओग्राम, म्हणजे कोणते सूर किती ऐकू येतात याचा तपासणी-आलेख, ताजा हवा. वयोमानाने आधी वरचे सूर जातात. जुन्या रिपोर्टवर यंत्र बसवलं तर काही सूर ऐकूच न येण्याची शक्यता असते आणि आवाज-करंटची जोडी तुटते. लेनायर साधारण 12 आठवडे, दिवसाला तासभर वापरायचं असतं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने त्याला मार्च 2023 मध्ये मंजुरी दिली. त्यासाठीच्या चाचणीत 112 जणांना आधी 6 आठवडे नुसता आवाज दिला, मग 6 आठवडे आवाज आणि करंट. ज्यांचा त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त होता, त्यांना जोडीचा फायदा अधिक झाला. किरकिर मुळातून गेली असा त्याचा अर्थ लावू नये. मोजला होता तो तिचा जाच.

पेसमेकर असेल तर दोन्ही नकोत. तोंड आलं असेल तर जिभेचं नको. ऐकू कमी येत असेल तर आधी श्रवणयंत्र, हे आमचं ठाम मत. कानातली किरकिर नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा एकाच कानात असेल, तर यंत्र राहू द्या, आधी ईएनटीकडे जा. कान अचानक बंद झाला असेल तर त्याच दिवशी.