वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन

वेस्टर्न स्टेट्स एन्ड्युरन्स रन : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून दरवर्षी जूनअखेरच्या शनिवार-रविवारी होणारी शंभर मैलांची डोंगरवाटेवरील धावशर्यत. तिचे नेमके अंतर १००.२ मैल, म्हणजे सु. १६१ किमी. असून ते ३० तासांच्या आत पार करावे लागते. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमी. अंतरापेक्षा लांब असलेल्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात आणि त्यांपैकी डांबरी रस्ता सोडून पायवाटा, जंगल व खिंडी यांतून जाणाऱ्या शर्यती ट्रेल अल्ट्रा म्हणून ओळखल्या जातात. शंभर मैलांच्या ट्रेल शर्यतींमध्ये वेस्टर्न स्टेट्स सर्वांत जुनी समजली जाते. वाटेतली खाण्यापिण्याची ठाणी, धावपटूचे वजन करणे, सोबतीला धावणारा पेसर, बक्षीस म्हणून मिळणारे पट्ट्याचे बकल अशा ज्या प्रथा पुढे जगभरच्या अल्ट्रा शर्यतींत दिसू लागल्या, त्यांतल्या बऱ्याचशा येथेच रुळल्या.

या शर्यतीचे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. सोन्याच्या व चांदीच्या खाणींच्या काळात वापरात असलेल्या जुन्या वाटेने घोड्यावरून एका दिवसात शंभर मैल जाता येते, हे दाखवण्यासाठी वेंडेल रॉबी या कॅलिफोर्नियातील ऑबर्न गावच्या रहिवाशाने १९५५ मध्ये काही सोबत्यांसह ही वाट पार केली. पुढे हीच रपेट ‘टेव्हिस कप’ या नावाने दरवर्षी होऊ लागली आणि चोवीस तासांच्या आत घोड्यासह पोचणाऱ्या स्वाराला चांदीचे बकल देण्याची रीत पडली. गॉर्डन एन्स्ले हा तरुण स्वार या रपेटीत आधी यशस्वी झाला होता, पण १९७३ मध्ये त्याचा घोडा वाटेतच लंगडा झाल्याने त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी तो घोड्याशिवायच उभा राहिला आणि स्वारांच्या बरोबरीने धावत २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोचला. आधुनिक शंभर मैली शर्यतीचा जन्म सामान्यतः या दिवसापासून मोजतात. मात्र ही वाट पायी पार करणारा एन्स्ले पहिला नव्हे. १९७२ मध्ये कॅन्ससमधील फोर्ट रायली येथील सैनिकांच्या एका तुकडीने तो प्रयत्न केला होता आणि त्यांतील सात जण दोन दिवसांत शेवटपर्यंत गेले होते. दंतकथेला एकट्या नायकाची ओढ असते, त्यामुळे सैनिकांचा उल्लेख बहुधा तळटीपेपुरताच उरतो. चोवीस तासांच्या आत पोचणारा पहिला हा मान मात्र निर्विवाद एन्स्लेचा आहे.

१९७६ मध्ये केन शर्क याने साडेचोवीस तासांच्या आसपास हे अंतर पुरे केले. १९७७ मध्ये घोड्यांच्या रपेटीबरोबरच धावपटूंची पहिली रीतसर शर्यत झाली. तीत जेमतेम चौदा जण उतरले व तिघेच पोचले. त्या तिघांत शारीरिक श्रम व आयुर्मान यांच्या संबंधावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले साथरोगतज्ज्ञ राल्फ पॅफेनबार्गर होते. १९७८ पासून ही शर्यत घोड्यांपासून वेगळी होऊन जूनमध्ये भरू लागली. त्या वर्षी ६३ जण धावले आणि पॅट स्माइथ या ती पूर्ण करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

शर्यतीत भाग घेणे हेच पहिले अवघड काम आहे. मार्गाचा काही भाग संरक्षित वनक्षेत्रातून जात असल्याने वनखात्याने धावपटूंच्या संख्येवर ३६९ ची मर्यादा घातली आहे, तर अलीकडच्या काळात अर्जदारांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली आहे. अर्ज करण्यासाठी आधी मान्यताप्राप्त अशी १०० किमी. किंवा त्याहून लांब शर्यत ठरलेल्या वेळेत पूर्ण केलेली असावी लागते. मग डिसेंबरात सोडत निघते. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याची एक चिठ्ठी पडते आणि नाव न निघाल्यास पुढच्या वर्षी दोन, मग चार, आठ, सोळा अशी चिठ्ठ्यांची संख्या दुप्पट होत जाते. त्यासाठी प्रत्येक अर्जापूर्वी नव्याने पात्रता शर्यत पूर्ण करावी लागते. सातव्या अर्जाला चौसष्ट चिठ्ठ्या होतात. म्हणजे ज्या शर्यतीत तीस तास पुरे पडत नाहीत, तिच्या आरंभरेषेपाशी पोचायला पुष्कळांना सहा-सात वर्षे लागतात. अव्वल धावपटूंसाठी ठरावीक शर्यतींतून थेट प्रवेशाची सोय असून, पुरुष व महिला गटांतील पहिल्या दहा जणांना पुढच्या वर्षीची जागा मिळते.

शर्यत शनिवारी पहाटे पाच वाजता ऑलिंपिक व्हॅली येथे सुरू होते. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक याच जागी झाले होते. पहिल्या साडेचार मैलांतच मार्ग २,५५० फूट चढून ८,७५० फूट उंचीवरच्या खिंडीत जातो. बर्फ जास्त पडलेल्या वर्षी जूनअखेरीसही येथे घट्ट बर्फावरून घसरत, तोल सावरत जावे लागते आणि बूट ओले होतात. ओल्या पायांना येणारे फोड दुपारनंतर बोलू लागतात. त्यानंतर वाट डोंगरधारेने सु. तीस मैलांवरील रॉबिन्सन फ्लॅटपर्यंत जाते आणि तेथून उतरत उतरत अमेरिकन नदीच्या खोऱ्यातील दऱ्यांमध्ये शिरते. संपूर्ण मार्गावरील चढाची बेरीज १८,०९० फूट, म्हणजे सु. ५,५०० मी. भरते. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मी. आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अंदाज येतो. पण या शर्यतीचे खरे वैशिष्ट्य चढ नसून उतार आहे, कारण उतारांची बेरीज २२,९७० फूट, म्हणजे सु. ७,००० मी. होते.

मार्ग एकंदरीने उतरता आहे हे ऐकून नवख्याला हायसे वाटते आणि तेथेच त्याची फसगत होते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात आणि अशा कामात स्नायुतंतूंना सर्वाधिक इजा होते. सह्याद्रीतला एखादा गड भराभर उतरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळते तेच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर घडते, फक्त दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. पन्नाशीच्या आसपासच्या मैलांवर मांड्या भरून आल्या की पुढचे धावण्याजोगे सौम्य उतारही चालत उतरावे लागतात आणि हिशेबात धरलेला वेळ निसटतो. म्हणून अनुभवी लोक सुरुवातीच्या तीस मैलांत मुद्दाम आवरते घेऊन धावतात.

दऱ्यांच्या टप्प्यात उष्णतेशी गाठ पडते. सकाळी बर्फ तुडवलेल्या धावपटूला भर दुपारी ३८ से. च्या, कधी त्याहूनही वरच्या तापमानात दरीच्या तळाशी उतरावे लागते. तेथे वारा नसतो आणि खडक तापलेले असतात. तळातून डेव्हिल्स थंबकडे जाणारा सु. दीड हजार फुटांचा चढ नागमोडी वळणांनी वर जातो. त्याच्या माथ्यावर पोचल्यावर खुर्चीत बसून राहिलेले, ओकाऱ्या काढणारे धावपटू दिसणे नेहमीचे आहे. पुढे आणखी एक दरी ओलांडून मिशिगन ब्लफ या खाणकाळातल्या वस्तीपाशी वाट येते. बर्फ हे येथले मुख्य औषध असते : ठाण्यावरचे स्वयंसेवक टोपीत, बाह्यांत आणि मानेभोवतीच्या रुमालाच्या घडीत बर्फाचे तुकडे भरून देतात, आणि पुढच्या अर्ध्या तासात ते वितळून पाठीवर ओघळत राहतात. याच भागाला २०२२ च्या सप्टेंबरातील वणव्याची मोठी झळ बसली. वणव्यांच्या धुरामुळे २००८ ची शर्यत रद्द झाली होती. २०२० ची करोनामुळे झाली नाही.

इतक्या लांबीच्या शर्यतीत पाय हा अनेक प्रश्नांपैकी केवळ एक प्रश्न असतो. पोट हा त्याहून नाठाळ प्रश्न आहे. उन्हात धावताना रक्तपुरवठा त्वचेकडे व पायांकडे वळल्याने पचन मंदावते, ऊर्जेसाठी घ्यायच्या गोड जेलचा कंटाळा येतो, मळमळते आणि खाणे थांबले की तासाभरात बळही सरते. मार्गावरच्या वीसएक ठाण्यांवर मिठात बुडवलेले उकडलेले बटाटे, कलिंगड, सूप, कोला असे पदार्थ मांडलेले असतात, ते यासाठीच. पाण्याबाबतची समजूत तर पार बदलली आहे. पूर्वी ठाण्यांवर धावपटूंचे सक्तीने वजन करीत व ते ठरावीक प्रमाणाबाहेर घटल्यास त्यांना थांबवीत. पुढे असे लक्षात आले की थोडे वजन घटणे स्वाभाविक असून वजन वाढणे अधिक धोक्याचे आहे, कारण तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते आणि मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकते. दुसरा धोका मूत्रपिंडांना असतो. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील प्रथिन रक्तात मिसळते, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होतो, आणि अशा वेळी वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या असल्या तर मूत्रपिंडे निकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच दुखण्यावर सहज घेतली जाणारी आयबुप्रोफेनसारखी औषधे शर्यतीत टाळण्याचा इशारा दिलेला असतो.

सु. ६२ व्या मैलावरचे फॉरेस्टहिल हे गाव शर्यतीचा सांधा आहे. येथपर्यंत धावपटू एकटा असतो. येथून त्याला पेसर सोबत घेता येतो. घरच्यांची व मित्रांची तुकडी, म्हणजे क्रू, रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या मांडून बसलेली असते. कोरडे मोजे, डोक्यावरचा दिवा, व्हॅसलीन, चिकटपट्टी असा संसार तेथे पसरलेला असतो. मोजा काढल्यावर पायाची अवस्था धावपटूला न दाखवता झटपट पट्टी गुंडाळणारा क्रू जाणता समजावा. पेसरने वाट दाखवावी, बोलत राहावे, खायची आठवण करावी, पण धावपटूचे ओझे वाहू नये किंवा त्याला हात देऊन पुढे नेऊ नये, असा नियम आहे. २००६ मध्ये ब्रायन मॉरिसन सर्वांच्या आधी अंतिम मैदानात शिरला, पण शेवटच्या फेरीत वारंवार कोसळू लागला आणि सोबत्यांनी त्याला धरून शेवटच्या रेषेपलीकडे नेले. तो अपात्र ठरला आणि मागून आलेला ग्रॅहम कूपर विजेता झाला. नियम कठोर वाटला तरी त्याशिवाय शर्यतीला अर्थ उरला नसता.

फॉरेस्टहिलनंतर अंधार पडतो. ७८ व्या मैलावर रकी चकी येथे अमेरिकन नदी ओलांडावी लागते. या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेली दोरी धरून, पाण्यात उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या रांगेतून, कंबरभर थंड पाण्यात उतरायचे असते. पाणी जास्त असेल त्या वर्षी तराफ्यातून नेतात. यानंतरचे बावीस मैल कागदावर सोपे आहेत. मात्र थकलेल्या मेंदूला वळणाची खूणही दिसेनाशी होते. २०१६ मध्ये जिम वॉल्मस्ली विक्रमाच्या पुढे धावत असताना ९२ व्या मैलाच्या आसपास एक वळण चुकला आणि अखेर विसावा आला. तोच पुढे २०१८ मध्ये जिंकला आणि २०१९ मध्ये त्याने १४ तास ९ मिनिटे २८ सेकंद असा विक्रम केला. महिलांमध्ये ॲन ट्रेसन यांनी ही शर्यत १४ वेळा जिंकली असून, १९९४ मध्ये त्या स्त्री-पुरुष मिळून दुसऱ्या आल्या होत्या. कोर्टनी डॉवॉल्टर यांनी २०२३ मध्ये १५ तास २९ मिनिटे ३३ सेकंदांत शर्यत पूर्ण करून आधीचा महिलांचा विक्रम तासाहून अधिक फरकाने मागे टाकला. पुरुषांत स्कॉट ज्युरेक १९९९ ते २००५ असा सलग सात वेळा विजेता होता.

शर्यत ऑबर्नमधील प्लेसर हायस्कूलच्या धावपट्टीवर संपते. चोवीस तासांच्या आत येणाऱ्याला चांदीचे बकल आणि तीस तासांच्या आत येणाऱ्याला कांस्य बकल मिळते. पहिली मर्यादा सरळसरळ घोड्यांच्या रपेटीतून आलेली आहे. तीस तासांचा हिशेब ताशी सु. ५.४ किमी. पडतो. सकाळी झपाझप फिरायला जाणाऱ्याचा वेग साधारण एवढाच असतो, पण येथे त्यात चढ, रात्र, ओकाऱ्या, पट्ट्या बांधणे आणि नुसते बसणे हे सगळे धरावे लागते. म्हणून मधल्या व मागच्या धावपटूचा प्रतिस्पर्धी दुसरा धावपटू नसून घड्याळ असते, आणि प्रत्येक ठाण्याची वेळमर्यादा त्याला पाठ असते.

रविवारी सकाळी दहा ते अकरा या शेवटच्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. आदल्या संध्याकाळी विजेते येतात तेव्हापेक्षा या तासाला मैदानात अधिक गलका असतो. २०१५ मध्ये सत्तर वर्षांच्या गनहिल्ड स्वानसन वाट चुकल्याने मागे पडल्या होत्या. त्या वर्षीचा पुरुष विजेता रॉब क्रार शेवटच्या मैलावर पायांत साध्या चपला घालून त्यांच्या शेजारून धावत आला आणि त्या २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांनी, सहा सेकंद शिल्लक असताना, रेषेपलीकडे पोचल्या. सत्तरी गाठलेल्या महिलेने ही शर्यत पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ होती. अकराला शर्यत संपल्याची घोषणा होते. त्यानंतर मैदानात शिरणाऱ्यालाही टाळ्या मिळतात, पण बकल मिळत नाही.