राज्याभिषेक रेंसला, पॅरिसला नव्हे

नोत्र दाम म्हटलं की पॅरिस आठवणारच. सेन नदीतलं बेट, दोन चौकोनी मनोरे, २०१९ ची आग. पण मेरीला वाहिलेली नोत्र दाम नावाची चर्च फ्रान्समध्ये ढिगाने आहेत, आणि त्यातल्या रेंस या शहरातल्या कॅथेड्रलचं श्रेय सर्रास पॅरिसच्या पदरात टाकलं जातं. 'फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक नोत्र दाममध्ये व्हायचा' हे लिहायचं आणि खाली फोटो पॅरिसचा लावायचा! आता वैताग येतो.

राजे रेंसला जायचे. पाचव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या बिशप रेमीने फ्रँक राजा क्लोव्हिसला बाप्तिस्मा दिला आणि तेव्हा कबुतराने स्वर्गातून तेलाची कुपी आणली, अशी आख्यायिका. त्या तेलाचा अभिषेक झाला की राजेपण पक्कं. म्हणूनच १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कने सातव्या चार्ल्सला शत्रूच्या मुलखातून थेट रेंसला नेलं. त्यावर उतारा म्हणून फ्रान्सच्या गादीवर दावा सांगणाऱ्या इंग्रजांनी १४३१ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या सहाव्या हेन्रीला मुकुट चढवला तो पॅरिसच्या नोत्र दाममध्ये. फ्रान्स काही त्यांच्या हाती टिकला नाही. रेंसला अपवाद आहेत. चौथ्या हेन्रीचा अभिषेक १५९४ मध्ये शार्त्रला झाला, पण रेंस विरोधकांच्या ताब्यात होतं म्हणून.

घोळ घातला नेपोलियनने. क्रांतीआधीच्या बूर्बों घराण्याच्या राजांची गादी त्याला चालवायचीच नव्हती, त्याला सम्राट व्हायचं होतं. २ डिसेंबर १८०४ रोजी पोपला पॅरिसला बोलावून त्याने मुकुट स्वतःच डोक्यावर ठेवला. चित्रकार दाविदने त्या सोहळ्याचं अवाढव्य चित्र काढलं आणि तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पुढे १८२५ मध्ये दहावा चार्ल्स पुन्हा रेंसलाच गेला, हे कुणाला आठवत नाही.

पॅरिसच्या दर्शनी भिंतीवरचे २८ राजांचे पुतळेसुद्धा बायबलमधल्या, यहूदाच्या राजांचे. फ्रेंच क्रांतिकारकांनी ते फ्रान्सचे समजून त्यांची मुंडकी उडवली.

बाकी, पॅरिसचं काम ११६३ ला सुरू झालं, रेंसचं १२११ ला. मूर्तिकाम पाहायचं तर रेंसच. तिथल्या हसऱ्या देवदूताच्या तोडीचं पॅरिसला काही नाही. रेंसचं छप्पर १९१४ मध्ये जर्मन तोफगोळ्यांनी जळालं, त्यानंतर वास्तुविशारद आंरी दनोने छपराचा आतला सांगाडा काँक्रीटचा केला. पॅरिसने आगीनंतर पुन्हा ओकचं लाकूड वापरलं. मला दनोचं पटतं. एकदा जळाल्यावर पुन्हा लाकूडच कशाला?