स्तनातली गाठ काढली, पुढे काय? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

टाके निघाले, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'स्तनाचा कर्करोग पुन्हा होईल का?' जवळजवळ शतकभर याचं उत्तर सर्जनच्या सुरीवर सोपवलेलं होतं. अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही जात. जास्त कापलं की धोका कमी, एवढा सरळ हिशेब. ग्रंथी गेल्याने पुढे अनेकदा सुजलेला हात बाईनेच सांभाळायचा.

या हिशेबाला धक्का दिला तो इटलीतल्या मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जननी. पूर्ण स्तन काढणं आणि फक्त गाठ काढणं यांची तुलना करणाऱ्या, फिशर यांच्या १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीचे वीस वर्षांचे आकडे २००२ मध्ये आले. फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात कर्करोग उलटला; त्याबरोबर रेडिएशनही (किरणोपचार) घेतलेल्यांत १४.३ टक्के. जगण्याचं प्रमाण मात्र पूर्ण स्तन काढलेल्यांइतकंच. रेडिएशन का टाळू नये, हे त्या दोन आकड्यांत आहे.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्ट आधी बाहेरून शाईने रंगवतात, मग त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईपर्यंत कर्कपेशी पोचलेल्या दिसल्या, तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया. दुग्धनलिकेतच थांबलेल्या कर्करोगासाठी (डीसीआयएस) त्याच्याभोवती दोन मिलिमीटर मोकळी कड पुरेशी, असं २०१६ पासून मानतात. डीसीआयएस उलटलाच, तर साधारण निम्म्या वेळा तो नलिकेबाहेर पसरणारा कर्करोग असतो.

'कॅन्सर नाही, पण पेशी अनियमित' या निदानाची गोष्ट वेगळी. १९८५ मध्ये ड्युपाँट आणि पेज या संशोधकांनी दाखवलं, की अशा स्त्रियांना पुढे स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे चौपट असतो. तो दोन्ही स्तनांना असतो, म्हणून तुकडा काढल्याने संपत नाही. 'काढून टाकलंय, आता विसरा' हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

कर्करोगाच्या उपचारानंतर ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे १९९४ मध्ये दोन इटालियन चाचण्यांनी दाखवलं. टिकली ती साधी पद्धत: पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, दरवर्षी मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आणि हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोन्सवर वाढणारी गाठ असेल तर किमान पाच वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या. हार्मोन-पॉझिटिव्ह कर्करोग वीस वर्षांनंतरही उलटू शकतो. नवी गाठ, व्रणाजवळचा बदल किंवा न थांबणारं हाडांचं दुखणं जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.