बँक्सीचं एडिशन प्रिंट वेगळं आणि बँक्सीचं पोस्टर वेगळं

लाल फुगा आणि हात पुढे केलेली ती छोटी मुलगी, बँक्सी या नाव-चेहरा लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराचं हे ‘गर्ल विथ बलून’ चित्र ऑनलाइन दोन हजारातही मिळतं आणि लिलावात लाखोंनाही जातं, आणि दोन्हीकडे ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ असंच लिहिलेलं असतं, मग माणूस गोंधळणारच.

स्वस्तातलं असतं ते पोस्टर किंवा जिक्ले, म्हणजे चित्र स्कॅन करून इंकजेटवर छापलेलं. भिंतीवर झकास दिसतं, हौस म्हणून जरूर घ्या, पण ती नक्कल आहे आणि खाली 37/5000 असा नंबर टाकला म्हणून ती काही ओरिजिनल होत नाही.

एडिशन प्रिंट, म्हणजे चित्रकाराने ठरावीक संख्येतच काढलेली छापील प्रत, ही कशाची नक्कल नसते, ते छापणं हेच मूळ काम. ‘गर्ल विथ बलून’चं प्रिंट 2004 मध्ये आलं तेव्हा 150 सहीवाले आणि 600 बिनसहीचे निघाले, आणि बिनसहीचंही तितकंच अस्सल बरं का, किंमत कमी येते एवढंच. पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची, आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे तीच, ताणलेल्या जाळीवर शाई ओतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढायची आणि प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे मुलीचा काळा वेगळा, फुग्याचा लाल वेगळा. भिंग लावून बघितलं तर लाल रंग सलग थरासारखा बसलेला दिसतो, इंकजेटमध्ये मात्र बारीक बारीक रंगीत ठिपके दिसतात.

पण नकली मालसुद्धा स्क्रीन प्रिंट करता येतो, त्यामुळे नुसत्या भिंगावर जाऊ नका, सर्टिफिकेट बघा. बँक्सीच्या कामाला सर्टिफिकेट देते ती त्याचीच संस्था, पेस्ट कंट्रोल, 2008 पासून. त्या सर्टिफिकेटला राजकन्या डायनाचा चेहरा असलेली बँक्सीची खोटी दहा पौंडांची नोट अर्धी फाडून लावलेली असते, दुसरा अर्धा भाग संस्थेकडे, आणि फाटलेल्या कडा जुळल्या की खात्री. मला हे प्रचंड आवडतं, खोट्या नोटेनेच खरेपणा सिद्ध करायचा!

अजून एक घोळ म्हणजे 5 ऑक्टोबर 2018 ला लंडनच्या सदबीज या लिलावघरात हातोडा पडल्या पडल्या जे ‘गर्ल विथ बलून’ फ्रेममध्ये लपवलेल्या श्रेडरमधून खाली सरकत अर्धं फाटलं ते प्रिंट नव्हतं, कॅनव्हासवरचं एकमेव काम होतं. पेस्ट कंट्रोलने त्याला ‘लव्ह इज इन द बिन’ या नव्या नावाने सर्टिफिकेट दिलं आणि 2021 मध्ये ते 1 कोटी 85 लाख पौंडांच्या वर गेलं. ते फाडणं खुद्द बँक्सीचं होतं म्हणून ते काम ठरलं, घरचं प्रिंट आपण फाडलं तर ते फक्त फाटतं.

खरं तर ही प्रिंट्स सुरुवातीला साध्या माणसालाही परवडावीत अशाच भावात विकली गेली होती, म्हणून आज कोणी पोस्टरला एडिशनचा भाव सांगतो तेव्हा जास्तच राग येतो. विकणारा पेस्ट कंट्रोलचा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर पोस्टरचे पैसे द्या, नाहीतर सरळ सोडून द्या.