महिला सुरक्षेचं ॲप आणि फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता

सातारा-सांगलीकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवताना महिला सुरक्षेचं ॲप हा विषय हमखास निघतो, आणि त्या ॲपच्या मधोमध एक लाल बटण असतं. हे बटण कुठून आलं ते आधी पाहायला हवं. ज्या शहरांसाठी ते घडलं, तिथले रस्ते आपल्यासारखे नाहीत.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या, म्हणजे ‘निर्भया’ घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. त्याच वर्षी फौजदारी कायदा बदलला आणि बाईचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी आला. नेमके याच काळात स्मार्टफोन स्वस्त होत होते. मग ॲप्सची रांगच लागली. बहुतेकांचं काम सारखंच होतं: बटण दाबायचं, फोन जीपीएसवरून ठिकाण घेणार आणि आधी नोंदवलेल्या माणसांना ते एसएमएसने कळवणार. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘हिम्मत’ आणलं. २०१६ मध्ये केंद्राने नियमच केला, की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये मदतीची सोय हवी. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं. हा नियम माहीत असलेल्या बायका फार थोड्या भेटतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण बटण दाबल्यावर येणार कोण? हा प्रश्न आपल्या भागात फोनच्या कितीतरी आधीचा आहे. १९४३ ते ४६ या काळात, सांगली वेगळा जिल्हा नसताना, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रति सरकारने गावोगावी न्यायनिवाडा केला, आणि बायकांना त्रास देणाऱ्या गावगुंडांनाही शिक्षा केल्या. त्या शिक्षांची रीत आज कुणी मान्य करणार नाही. तरी हाक मारली तर कोणीतरी येईल, हा भरवसा लोकांना हवा होता, हे त्यातून दिसतं. अलीकडे कॉलेज आणि बसस्थानकांच्या परिसरात फिरणारी पोलिसांची निर्भया पथकं आली, त्यामागेही हाच भरवसा देण्याचा प्रयत्न आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला. फोन आधी राज्याच्या केंद्रात उचलला जातो, मग माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीकडे जाते. त्यामुळे नव्या ॲपने स्वतःची वेगळी यंत्रणा उभी करण्यापेक्षा याच साखळीला जोडून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण ठिकाण कळवण्यात आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण मिळालेलं ठिकाण पुढे पाठवायला रेंज लागतेच. कोयना खोऱ्यात किंवा कासच्या वाटेवर ती मध्येच जाते. जीपीएस बंद असेल तर टॉवरवरून अंदाज घेतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात, आपल्याकडे दूरदूर, म्हणून तो अंदाज काही किलोमीटरनेही चुकू शकतो. फोन करणारी सांगते, ‘फाट्यावर उतरलेय, गावाकडे चाललेय.’ त्या फाट्याचं नाव नकाशात असेलच असं नाही.

ॲपच्या इतिहासाला दुसरीही एक शाखा आहे, आणि मला तीच जास्त कामाची वाटते. १९८९ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत मेट्रॅक या संस्थेने बायकांनाच सोबत घेऊन रस्त्यांची सुरक्षा तपासणी सुरू केली. संकट आल्यावर काय करायचं यापेक्षा इथून जाताना भीती कशामुळे वाटते, हे त्या विचारत. ती पद्धत जगभर पसरली. २०१३ मध्ये कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी ती ‘सेफ्टीपिन’च्या रूपाने फोनवर आणली. उजेड किती, मोकळं दिसतं का, पायी चालायला वाट आहे का, आसपास माणसं आहेत का, त्यांत बायका किती, बस-रिक्षा जवळ मिळते का, अशा गोष्टींना त्यात गुण देतात.

सांगलीचा शंभर फुटी रस्ता किंवा साताऱ्याचा पोवई नाका या पद्धतीने सहज तपासता येईल. वाळवा, पलूस, कराडच्या गावरस्त्यांवर मात्र एक गोष्ट या यादीत बसत नाही, ती म्हणजे ऊस. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंचा ऊस डोक्याच्या वर जातो आणि फाट्यापासून गावापर्यंतची वाट बोळासारखी होते. तोड झाली की तीच वाट लांबवर मोकळी दिसते. म्हणजे जूनमध्ये दिलेले गुण नोव्हेंबरमध्ये खोटे ठरतात. इथल्या ॲपला तारीख आणि पीक दोन्ही कळायला हवं. मुक्कामी एसटी किती वाजता येते, तिच्यातून आणखी कोण उतरतं, हेही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्यामुळे ही माहिती आता आणखी मोलाची आहे.

फोन कुणाच्या हातात आहे, हेही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका २०१५-१६ मध्ये देशात ४६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४ टक्के. बाकीच्यांकडे असलाच तर घरचा फोन. कॉलेजच्या मुलींना आणखी एक धास्ती असते: रस्त्यावर कुणी छेडलं हे घरी कळलं, तर छेडणारा मोकळा राहील आणि आपलं शिक्षण बंद होईल. म्हणून सूचना आपोआप वडिलांना किंवा भावाला जाण्याची रचना इथे धोक्याची ठरते. कुणाला कळवायचं ते मुलीने ठरवावं, मग ती मैत्रीण असो, वसतिगृहाच्या मॅडम असोत की थेट ११२. रस्त्याची तक्रार तिला नाव न देता करता यावी, आणि दिवा बंद असल्याची नोंद ग्रामपंचायतीपर्यंत पोचावी.